किल्ल्यावरचे मावळे रंगवताना भगवा जपून वापरा

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरच्या दिवाळीच्या किल्ल्यासाठी थ्रीडी प्रिंटरवर काढलेले २८ मिलिमीटरचे ३० मावळे, ४ घोडेस्वार, २ तोफा आणि सदरेवर बसलेले महाराज. गेल्या वर्षी प्रत्येक मावळ्याला वेगवेगळे रंग दिले. टेबलावर एकेक जण देखणा दिसत होता, पण किल्ल्यावर मांडल्यावर सगळ्यांची भेळ झाली. बघायला आलेल्यांना महाराज कुठे आहेत ते बोटाने दाखवावं लागलं. मग यंदा रंग कोणते घ्यायचे आणि ते ठरवायचे कसे?

मी २२ वर्षं छोटी चित्रं, म्हणजे किल्ल्यावर मांडायच्या मूर्ती, रंगवते आहे. आधी शाडूची आणि प्लास्टरची, आता बरीचशी रेझिनची. तुम्ही पाठवलेल्या फोटोंत हाताचं काम चांगलं आहे. कडा स्वच्छ आहेत, चेहरे नीट आहेत. चूक झाली आहे ती ठरवण्याच्या क्रमात. तुम्ही एक मावळा हातात घेतलात, त्याचे रंग ठरवलेत, मग दुसरा घेतलात. किल्ल्यावर मात्र एकटा मावळा कोणी बघतच नाही.

एक साधा हिशेब करा. २८ मिलिमीटरचं चित्र म्हणजे माणसाच्या साधारण साठावा भाग. ते तुम्ही ६० सेंटिमीटरवरून बघता, म्हणजे खरा माणूस ३६ मीटरवरून बघितल्यासारखं झालं. शाळेच्या मैदानाच्या पलीकडच्या कडेला उभा असलेला माणूस डोळ्यांसमोर आणा. त्याच्या डोळ्यांचा रंग दिसत नाही, अंगरख्याची नक्षी दिसत नाही. दिसतं ते एवढंच की डोक्याला काहीतरी लाल आहे, अंगात काहीतरी उजळ आहे आणि हातात लांब काठी आहे. रंगांची निवड या तीन गोष्टींसाठी करायची असते. नक्षी, काठ, बुंदके हे सगळं नंतर, आणि वेळ उरला तर.

म्हणून सुरुवात चित्रापासून करू नका, जमिनीपासून करा. तुमचा किल्ला कशाचा आहे? तांबड्या मातीचा असेल, वरून गेरू फिरवला असेल, उतारावर आळीव पेरला असेल, तर तपकिरी आणि हिरवा हे दोन रंग किल्ल्याने आधीच घेऊन टाकले. तिथे तपकिरी चोळण्याचा, म्हणजे विजारीचा, मावळा उभा केला की त्याचे पाय नाहीसे होतात, आणि हिरव्या अंगरख्याचा मावळा आळिवात शिरला की फक्त मुंडासं चालत असल्यासारखं दिसतं. काळ्या मातीचा किंवा राखाडी रंगवलेला किल्ला असेल, तर हाच नियम गडद निळ्याला आणि राखाडीला लागू होतो. पुठ्ठ्याचा एक तुकडा किल्ल्याच्याच मातीने सारवा, वाळू द्या आणि रंगवण्याच्या टेबलावर कायम समोर ठेवा. प्रत्येक रंग लावला की चित्र त्या पुठ्ठ्यावर उभं करून बघायचं. पांढऱ्या कागदावर कोणताही रंग चांगलाच दिसतो, त्यावर विसंबू नका.

जमिनीनंतर उजेड. हा मुद्दा बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. तुम्ही रंगवता ट्यूबलाइटखाली किंवा दिवसा खिडकीशी, आणि किल्ला बघितला जातो संध्याकाळी पणत्यांच्या आणि पिवळ्या माळांच्या उजेडात. त्या उजेडात निळा अंश फार कमी असतो. त्यामुळे गडद निळा जवळजवळ काळा पडतो, फिकट पिवळा आणि पांढरा यांतला फरक मिटतो, आणि लाल, भगवा, गेरू हे सगळे एकदम पेटून उठतात. गेल्या वर्षीच्या तुमच्या फोटोत सहा मावळ्यांचे अंगरखे लिंबू रंगाचे आहेत आणि आठांचे पांढरे. संध्याकाळी ते चौदाही जण एकाच रंगाचे दिसले असणार. तेव्हा पहिली दोन-तीन चित्रं रंगवून झाली की खोलीतले दिवे घालवा, माळ लावा आणि बघा. निळा हवाच असेल तर तो मुद्दाम एक पायरी उजळ ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. कोणता रंग हे ठरवण्याआधी किती उजळ आणि किती गडद हे ठरवा. दुरून डोळा आधी उजळ-गडद वाचतो, रंग नंतर. लाल, हिरवा आणि मध्यम निळा हे तिन्ही रंग नावाने वेगळे असले तरी गडदपणाने बऱ्याचदा सारखेच असतात, आणि एकाच चित्रावर शेजारी आले की त्यांचा एकच गोळा होतो. याची परीक्षा सोपी आहे. मोबाइलवर फोटो काढा आणि त्यातला रंग काढून तो काळा-पांढरा करा. मुंडासं, चेहरा, अंगरखा, शेला, चोळणा हे पाचही भाग त्या फोटोत वेगळे ओळखू आले पाहिजेत. निदान एकमेकांना लागून असलेले भाग तरी वेगळे दिसायलाच हवेत. मोबाइल हाताशी नसेल तर डोळे किलकिले करून बघा, जुने मूर्तिकार तेच करतात.

छोट्या आकारावर आणखी एक अडचण असते. खऱ्या माणसाच्या अंगरख्याच्या चुणीत सावली आपोआप पडते. २८ मिलिमीटरवर ती चुणी इतकी उथळ असते की सावली पडतच नाही, मग ती रंगानेच घालावी लागते. त्यासाठी मी सगळी चित्रं आधी काळ्या प्रायमरने, म्हणजे रंग धरून ठेवणाऱ्या पहिल्या थराने, फवारते, आणि तो वाळला की डोक्याच्या वरच्या बाजूने, तिरक्या कोनातून पांढरा फवारा मारते. खांदे, मुंडासं आणि ढालीचा माथा उजळ होतो, काखेत आणि चोळण्याखाली काळं राहतं. रंग लावायच्या आधीच ऊन कुठून येतंय ते चित्रावर लिहून ठेवल्यासारखं होतं. मग वरून पातळ रंग दिला की अर्धं काम तोच करतो.

आता प्रत्यक्ष रंग. मावळे रंगवताना मी स्वतःला एकच प्रश्न विचारते: १६७० च्या सुमाराला सह्याद्रीतल्या एखाद्या गावच्या रंगाऱ्याच्या पिंपात हा रंग निघाला असता का? प्रयोगशाळेत तयार झालेला पहिला लोकप्रिय रंग विल्यम पर्किनने काढला तो १८५६ मध्ये. त्याआधी कापड रंगायचं ते झाडापाल्याने, मुळांनी, किड्यांपासून काढलेल्या लाखेने. नीळ, मंजिष्ठाची लाली, हळद, करडईच्या फुलांचा कुसुंबी, लोखंड आणि हिरड्याचा काळा. पिवळ्यावर निळीचा हात फिरवला की हिरवा. आणि सगळ्यात जास्त काय, तर न रंगवलेलं जाडंभरडं सुती कापड. हे सगळे रंग उन्हात आणि धुण्यात थोडे उतरलेले, थोडे मातकट. राणी गुलाबी, पोपटी, चकचकीत जांभळा हे रंग त्या पिंपांत नव्हते, आणि किल्ल्यावर नेमके तेच डोळ्यांना टोचतात. तुमच्या भेळेत त्यांचा वाटा मोठा होता.

त्या काळचे दख्खनी कपडे कसे होते ते बघायला चित्रं उपलब्ध आहेत. ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये विट्सेन आल्बम म्हणून ओळखला जाणारा गोवळकोंड्याच्या शैलीतला चित्रसंच आहे, त्यात शिवाजी महाराजांचंही चित्र आहे. ते एकदा मोठं करून निवांत बघा. आपल्या डोळ्यांत कॅलेंडरं आणि नाटकांचे पोशाख इतके बसलेले असतात की अस्सल काळाजवळचं एक चित्र बघितलं तरी निवड बदलते.

रंगांचं प्रमाण कसं ठेवायचं यासाठी मला इरकली लुगड्याइतकं चांगलं उदाहरण दुसरं माहीत नाही. अंग गर्द निळं-काळं, काठ लाल, पदरावर लाल-पांढरे पट्टे. सगळ्यात जास्त जागा शांत रंगाला, त्याहून बरीच कमी दुसऱ्याला, आणि सगळ्यात झगझगीत भाग एका कडेला. लुगडं नेसलेली बाई गर्दीत लांबून ओळखू येते ती त्या पदरामुळे, पण पदर उठून दिसतो तो शांत अंगामुळे. मावळ्याचं अंग म्हणजे अंगरखा आणि चोळणा, काठ म्हणजे शेला, पदर म्हणजे मुंडासं. अंगाला मळकट पांढरा किंवा कच्च्या सुताचा रंग, शेल्याला मंजिष्ठी किंवा निळा, मुंडाशाला एकच ठसठशीत रंग. ३० मावळ्यांसाठी एवढी चौकट पुरते.

सगळ्यांना एकसारखं रंगवायचं का? नाही. त्या काळात मावळ्यांना गणवेश नव्हता, आणि ३० जण तंतोतंत सारखे दिसले तर ते खेळण्यातल्या पलटणीसारखे दिसतात. मी असं करते: रंग पाचच घेते आणि त्यांची जागा बदलत राहते. याचा शेला मंजिष्ठी आणि मुंडासं पांढरं, शेजारच्याचं मुंडासं मंजिष्ठी आणि शेला निळा, तिसऱ्याचा अंगरखा हळदीचा पण इतका उतरलेला की कच्च्या सुतापेक्षा जेमतेम पिवळा. माणसं वेगळी वाटतात, तुकडी मात्र एक वाटते. शिवाय पाचही रंगांत थेंबभर बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) घालते, म्हणजे ते एकाच घरातले वाटतात. गोडा मसाला पडला की चार वेगळ्या भाज्या एकाच स्वयंपाकघरातल्या लागतात, तसं.

आता भगव्याबद्दल, आणि इथे मी आग्रहाने सांगते. भगवा किल्ल्यावर दोनच ठिकाणी ठेवा: ध्वजावर आणि महाराजांजवळ. माझ्या सुरुवातीच्या काळात मी एका किल्ल्यासाठी ४० मावळ्यांना भगवे फेटे दिले होते. मनात भावना होती की सगळं भगवं दिसलं पाहिजे. किल्ला उभा राहिला, पणत्या लागल्या आणि बुरुजावरचा ध्वज दिसेनासा झाला. ४० भगवे ठिपके खाली असताना वरचा एकेचाळिसावा कोणाच्या डोळ्यांत भरणार? दुसऱ्या दिवशी सकाळी बसून मी ४० मुंडाशी पुन्हा रंगवली, काही पांढरी, काही मंजिष्ठी, काही निळी. त्या संध्याकाळी लोक अंगणात शिरले की आधी ध्वजाकडे बघत होते. ज्या रंगाचा आपल्याला सगळ्यात जास्त अभिमान आहे त्याच्याभोवती मोकळी जागा ठेवावी लागते, हे मला तेव्हा कळलं.

याच्या मागे डोळ्यांचं शास्त्र आहे. फ्रान्समधल्या गोबलँ या गालिचे आणि भिंतपडदे विणणाऱ्या कारखान्यात शेव्रल नावाचे रसायनशास्त्रज्ञ रंगखात्याचे प्रमुख होते. काळं सूत निळ्या-जांभळ्या कापडात फिकट दिसतं अशी तक्रार त्यांच्याकडे आली. त्यांनी तपासलं तर काळ्या रंगात काहीच दोष नव्हता, शेजारच्या रंगामुळे डोळ्याला तो तसा दिसत होता. यावरचा त्यांचा ग्रंथ १८३९ मध्ये आला. आपल्या कामापुरता त्याचा अर्थ असा: रंग एकटा कधीच दिसत नाही, शेजाऱ्यासकट दिसतो. भगव्याशेजारी लाल ठेवलात तर दोन्ही एकमेकांना खातात. भगव्याशेजारी निळीचा गर्द निळा ठेवलात तर तोच भगवा बाटलीत होता त्याहून तेजस्वी होतो. म्हणून ध्वजाखाली उभ्या असलेल्या तीन-चार मावळ्यांना मी निळ्या शेल्याचे आणि गडद चोळण्याचे ठेवते, लाल मुंडाशाचा एकही तिथे उभा करत नाही.

एक मावळा सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगते, म्हणजे मिश्रणं कळतील. भाला घेतलेला, डाव्या हातात ढाल, पाय रोवून उभा. फवारणी झाली आहे. आधी त्वचा. बाजारात फ्लेश टिंट नावाची बाटली मिळते, ती घेऊ नका. तो गुलाबी रंग उन्हात राबणाऱ्या माणसाचा नाही. बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) दोन भाग, यलो ओकर (मातकट पिवळा) एक भाग, पांढऱ्याचा एक थेंब. चेहरा मसुराच्या दाण्याएवढा असतो, त्यावर हा रंग पातळ करून द्या. मग बर्न्ट अंबरमध्ये किंचित क्रिमझन लाल मिसळून, पाण्यासारखा पातळ करून डोळ्यांच्या खोबणीत, मिशीखाली आणि हनुवटीखाली सोडा. वाळल्यावर पहिल्याच मिश्रणात अजून थोडा ओकर आणि पांढरा घालून नाकाचा शेंडा, गालाची हाडं आणि भुवईची कड एवढ्यावरच टेकवा. डोळे काढू नका. खोबणीतली सावलीच ३६ मीटरवर डोळ्यांचं काम करते. बुबुळं काढायला गेलात तर मावळा दचकल्यासारखा दिसतो. मिशी मात्र काढा, काळ्यात अंबर मिसळून, एकाच फटक्यात.

अंगरख्याला निव्वळ पांढरा कधीच नको. पांढऱ्यात ओकर आणि रॉ अंबरचं टोक, ताकात हळद पडल्यासारखा रंग व्हायला हवा. चुण्यांमध्ये याच रंगात जास्त अंबर घालून पातळ हात. उंचवट्यांवर शेवटी थोडा अधिक पांढरा, पण तिथेही बाटलीतला शुद्ध पांढरा नाही. तो आपण राखून ठेवला आहे, कशासाठी ते पुढे सांगते. शेल्याला मंजिष्ठी: क्रिमझनमध्ये बर्न्ट सिएना. मुंडाशाला निळा: अल्ट्रामरीनमध्ये अंबर घालून मंद करा, आणि वरच्या पिळांवर थोडा पांढरा घालून उजळ करा, नाहीतर पणतीपुढे ते काळं पडेल. ढाल कातड्याची, म्हणून जवळजवळ काळी, अंबरकडे झुकणारी. तिच्यावरची चार फुलं पितळी, सोनेरी रंगात अंबर मिसळून, सुईच्या टोकाने चार ठिपके. भाल्याच्या पात्याला चंदेरी, फक्त एका धारेला. पणतीचा उजेड त्या एका रेघेवर चमकतो आणि मावळा जिवंत होतो. पूर्ण पातं चंदेरी केलं तर ते चॉकलेटच्या कागदासारखं दिसतं.

आता महाराज. तुम्ही त्यांना सोनेरी सिंहासन, सोनेरी छत्र, सोनेरी पोशाख असं सगळं दिलं होतं, आणि त्यातच ते हरवले. सोनेरी रंग उजेड सगळीकडे फेकतो, त्यामुळे आकार वाचता येत नाही. सिंहासन ओकर आणि अंबरमध्ये रंगवा, सोनं फक्त कडांवर केसाएवढं. आणि महाराजांच्या अंगावर तो राखून ठेवलेला स्वच्छ पांढरा. किल्ल्यावर इतका शुभ्र दुसरा कोणीच नसेल, म्हणून तीन फुटांवरून नजर थेट तिथे जाते. कमरेला किंवा मंदिलावर भगवा, त्याच्या मागे सिंहासनाची गडद पाठ. सदरेवर जे मानकरी उभे असतील त्यांचे पोशाख भारी दाखवायचे तर रंग गडद आणि खोल ठेवा: जर्द मंजिष्ठी, गर्द हिरवा, निळीचा काळसर. ६ जून १६७४ चा राज्याभिषेकाचा देखावा करणार असाल तर हे फार उपयोगी पडतं, कारण तिथे गर्दी असते आणि सगळेच नटलेले असतात. उजळपणाचा मान एकाच व्यक्तीला द्यायचा, बाकीच्यांना श्रीमंती गडद रंगांतून द्यायची.

घोडे चारच आहेत, त्यांना फार वेळ देऊ नका, पण चारही तांबूस तपकिरी करू नका. दोन कुमैत, म्हणजे तांबूस तपकिरी, एक पांढुरका, आणि एक पंचकल्याणी, म्हणजे चारही पाय आणि कपाळ पांढरं. पांढुरका घोडा मात्र महाराजांच्या सदरेपासून लांब उभा करा. तोफा काळ्याभोर नकोत. लोखंडी असेल तर काळ्यात अंबर आणि कडांवर सुक्या ब्रशने राखाडी, पंचधातूची दाखवायची असेल तर पितळी मिश्रणावर हिरवट पातळ हात.

तुम्ही विचारलं आहे की समोरच्या सैन्याला हिरवं रंगवू का. सरसकट हिरवं रंगवण्याची पद्धत मला पटत नाही. दोन्ही बाजूंचं बरंचसं कापड त्याच दख्खनच्या रंगाऱ्यांकडून येत होतं, आणि महाराजांच्या आरमाराचा एक सरदार दौलतखान होता. रंगाने बाजू वाटून घेतल्या तर इतिहासही चुकतो आणि आळिवाच्या हिरव्यात ते सैन्य दिसतही नाही. फरक पोशाखाच्या आकाराने आणि उजळ-गडद भागांनी दाखवा: मावळ्यांचे अंगरखे उजळ आणि मुंडाशी गडद असतील, तर समोरच्यांचे जामे मध्यम गडद आणि पगड्या उजळ ठेवा. लांबून दोन फौजा लगेच वेगळ्या दिसतात.

सामानाबद्दल थोडक्यात. पोस्टर कलर वापरू नका, आळिवावर पाणी शिंपडलं किंवा पहाटे दव पडलं की ते ओघळतात. साधे विद्यार्थ्यांचे ॲक्रिलिक चालतात, वाळल्यावर त्यांना पाण्याचं भय नसतं. फक्त ते जाड असतात, म्हणून एका जाड थराऐवजी पाणी घालून दोन-तीन पातळ थर द्या. आयात केलेले खास रंग चांगले असतात, पण ३५ चित्रांसाठी तेवढा खर्च करायची गरज नाही. ब्रशवर मात्र खर्च करा: एक नंबरचा, टोक न पसरणारा एक चांगला ब्रश बाकी सगळ्यांपेक्षा जास्त काम करतो. शेवटी वॉर्निश मॅटच हवं. चकाकणारं वॉर्निश दिलंत तर प्रत्येक मावळ्याच्या खांद्यावर माळेतल्या दिव्यांचे ठिपके दिसतील आणि इतक्या कष्टाने घातलेल्या सावल्या पुसल्या जातील. प्लास्टरची चित्रं असतील तर रंगाआधी पाणी घातलेल्या फेविकॉलचा एक हात द्या, नाहीतर प्लास्टर रंग पिऊन टाकतं.

सगळे ३० एकदम सुरू करू नका. तीन मावळे पूर्ण करा, मातीने सारवलेल्या पुठ्ठ्यावर ठेवा, काळा-पांढरा फोटो काढा, मग दिवे घालवून माळेच्या उजेडात बघा. त्या तिघांत जे बदलावंसं वाटेल ते बदला, आणि मग बाकीचे २७ एकेका रंगाने रांगेत घ्या: आधी सगळ्यांची त्वचा, मग सगळ्यांचे अंगरखे. यात वेळ वाचतो आणि मिश्रणही तेच राहतं.

एक राहिलं. चित्रांच्या पायाखालच्या गोल चकत्या तुम्ही गवती हिरव्या रंगवल्या होत्या, त्यामुळे प्रत्येक मावळा स्वतःच्या ताटलीत उभा असल्यासारखा दिसत होता. किल्ला करताना त्याच मातीतली मूठभर माती बाजूला काढा, वाळवून चहाच्या गाळणीने चाळा, फेविकॉलमध्ये कालवून चकतीवर थापा, आणि वाळल्यावर पायांच्या बाजूने पातळ अंबरचा एक हात फिरवा.